नेम आणि किक : उपनगरात जोपासता येणारे दोन छंद

रॉयल एनफिल्डच्या जुन्या बोधचिन्हात तोफ असायची आणि सोबत ‘बंदुकीसारखी घडवलेली’ अशा अर्थाचं इंग्रजी ब्रीदवाक्य. ती पोकळ जाहिरात नव्हती. इंग्लंडमधल्या एनफिल्ड गावी सरकारी बंदुकांचा कारखाना होता. त्याला सुटे भाग पुरवण्याचं काम १८९० च्या दशकात रेडिच गावच्या या कंपनीला मिळालं आणि तिथून हे नाव आलं. पहिली मोटारसायकल निघाली १९०१ मध्ये. १८५३ च्या नमुन्याची जी रायफल आपण ‘एनफिल्ड’ या नावाने ओळखतो, ती याच गावची. तोंडातून दारू ठासून भरायची ती रायफल, आणि तिच्याच चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. बीएसए ही दुसरी नामांकित मोटारसायकल कंपनी तर बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनीच १८६१ मध्ये उभी केली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचं चिन्ह होतं.

म्हणून एकाच माणसाला मोटारसायकल आणि नेमबाजी या दोन्हींचं वेड असलं, तर त्यात नवल वाटायला नको. लोखंड, नेमकं माप, तेलाचा वास आणि ‘हे मी माझ्या हाताने जुळवलं’ ही भावना दोन्हीकडे सारखीच असते. परदेशात या जोडीत आणखी दोन छंद येतात. एक म्हणजे काळ्या दारूच्या जुन्या धाटणीच्या बंदुका चालवणं आणि दुसरा म्हणजे वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरणं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने यातलं काय करावं, काय मुळीच करू नये आणि जे करता येत नाही त्यातला आनंद दुसरीकडे कुठे शोधावा, हे मला या लेखात सांगायचं आहे.

आधी जे करायचं नाही ते. काडतूस घरी भरण्याचे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं की हे तर घड्याळ दुरुस्तीसारखं शांत, टेबलावरचं काम आहे. काम शांत असेल, पण आपल्याकडे परवान्याविना ते केलं तर तो गुन्हा आहे आणि तोही गंभीर. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तीत तयार काडतूस तर येतंच, शिवाय काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना तेवढा काडतूस भरायचा दाबयंत्राचा सांगाडा घेऊन ये’ असं सांगणंसुद्धा संकटाला आमंत्रण आहे. रिकाम्या पितळी पुंगळ्या स्मृतिचिन्ह म्हणून गोळा करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. विनापरवाना शस्त्रं आणि दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने आणखी कडक झाली आहे. काळी दारू घरी तयार करण्याचा विचारही नको. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं अशा इमारतींत आपण राहतो.

यावर काही जण हिरमुसतात. त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्या प्रकारात .२२ ची, म्हणजे ५.६ मिलिमीटरची काडतुसं चालतात. या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिनेच्या आघाताने ती कड चेपली जाते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याजोगं राहतच नाही. या प्रकारातले जगातले अव्वल रायफलपटूही कारखान्यात बनलेलीच काडतुसं वापरतात. त्यांची कारागिरी दिसते ती निवडीत. कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघायची आणि ज्या लॉटचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, सगळ्यात घट्ट येईल तोच घ्यायचा. ही निवडीची कला आपल्यालाही करता येते, अगदी घरातल्या टेबलावर, कायद्याच्या चौकटीत. ती एअर रायफलच्या छऱ्यांवर करायची.

एअर रायफल किंवा एअर पिस्तूल हाच उपनगरातल्या माणसाचा खरा दरवाजा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा जास्त ताकदीची घेतली की परवान्याच्या कक्षेत आलात. नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्या, ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या आणि त्या बिलावर मॉडेल व क्रमांक नीट लिहिलाय का ते दुकानातच तपासा. बिलाची एक प्रत बंदुकीच्या पेटीत कायम ठेवा. जुन्या वस्तूंच्या बाजारात कमी किमतीत मिळणारी, नळी बदललेली, ‘जरा पॉवर वाढवलेली’ एअरगन फुकट दिली तरी घेऊ नका.

आता छऱ्यांकडे येऊ. स्पर्धेत वापरतात तो छर्रा कमरेत बारीक आणि डोक्याला सपाट असतो, वजन साधारण अर्धा ग्रॅम. चांगल्या कंपन्या एकाच छऱ्याचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर असे डोक्याच्या मापाचे वेगवेगळे डबे विकतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, पण तुमच्या नळीला यातलं एकच माप मनापासून आवडतं. ते कोणतं, हे नळीलाच विचारावं लागतं. प्रत्येक मापाचे थोडे छर्रे घ्या, रेंजवर रायफल वाळूच्या पिशवीवर किंवा शिकंज्यात घट्ट टेकवा आणि एका जागी पाच-पाच बार काढा. कागदावर पाच भोकं मिळून एकच फाटका ठिपका झाला तर माप जुळलं. भोकं सुटी पडली तर पुढचा डबा. हे झाल्यावर वजन. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, पंखा बंद करा आणि चिमट्याने एकेक छर्रा काट्यावर ठेवा. पंखा चालू असला तर शेवटचा आकडा नाचत राहतो. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांसारखे लहान डबे करून एका वजनाचे छर्रे एकात भरा, कडा चेपलेले बाजूला काढा. रविवारची दुपार कशी जाते ते कळत नाही. काडतूस भरणाऱ्यांना जे समाधान मिळतं ना, ते या कामात जवळजवळ तसंच्या तसं आहे, आणि त्यात स्फोटाचा धोका नाही. एक मात्र पाळा. छर्रे शिशाचे असतात. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका, मधेच तोंडात काही टाकू नका आणि उठल्यावर हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर डबे कुलपात.

नेमबाजी शिकायची असेल तर गच्ची विसरा. गच्चीवरून कबुतर, कावळा, पोपट यांच्यावर नेम धरणं हा छंद नव्हे. समोरच्या इमारतीच्या काचेमागे कोण बसलंय ते तुम्हाला दिसत नाही आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ पक्ष्यांनाही लागू आहे. बोरिवली, मुलुंड, आरे इथल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या अंगणाला लागून आहे, पण राष्ट्रीय उद्यानात परवानगीविना शस्त्र नेणं हा गुन्हा आहे. बंदुकीची पेटी गाडीला बांधलेली असताना ‘जाता जाता आतून एक फेरी मारू’ हा मोह नको.

मुंबईत नेमबाजीचं जुनं घर म्हणजे महाराष्ट्र रायफल असोसिएशन. तिची रेंज वरळीला आहे. कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमधून बंदूक हाती घेतलेली अंजली वेदपाठक, पुढची अंजली भागवत, सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली ती २००० मध्ये. सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत होती आणि तिची प्रशिक्षण संस्था आता पनवेलला आहे. मुलुंडच्या टोलनाक्यापलीकडच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा तो जेमतेम १८ वर्षांचा होता. ही नावं अशासाठी सांगतो की हा खेळ आपल्या लोकलच्या अंतरात वाढलेला आहे. सुरुवातीला स्वतःची रायफल घेऊ नका. रेंजवर किंवा क्लबात तिथल्याच शस्त्रावर शिका, आपल्याला रायफल मानवते की पिस्तूल ते दोन-तीन महिन्यांत कळतं, आणि मग खिशाला हात घाला.

१० मीटरचा एअर रायफलचा लक्ष्यकागद हातात घेऊन पाहा. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडापेक्षाही लहान, आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पिस्तुलाचं लक्ष्य मोठं असतं, दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पण पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं. स्पर्धेत ६० बार आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी एक तास पंधरा मिनिटं. दम लागतो तो शरीराला कमी आणि मनाला जास्त.

घरी करायचा सराव म्हणजे होल्डिंग. भिंतीवर पांढरा कोरा कागद लावा, त्यावर काही काढू नका. रायफल किंवा पिस्तूल उचला, साईट जुळवा आणि स्थिर धरून ठेवा. बार नाही, छर्रा नाही. कोरा कागद अशासाठी की डोळ्याने लक्ष्याच्या मागे धावू नये, त्याने साईटवरच थांबायला शिकावं. हात थरथरायला लागला की खाली ठेवा, थांबा, पुन्हा उचला. रिकामा ट्रिगर दाबायचा असेल तर आधी आपल्या बंदुकीची जात ओळखा. स्पर्धेच्या रायफलीत त्याची वेगळी सोय असते, पण स्प्रिंगच्या साध्या एअरगनला छऱ्याविना झाडलं तर आतला पिस्टन समोर आपटून खराब होतो. पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. तो सलग, हळू, बार कधी सुटला हे आपल्यालाच कळू नये इतका अलगद दाबत जाण्याची सवय बोटाला लावायची. बार सुटल्यावरही क्षणभर तसंच धरून राहायचं.

सुरक्षिततेचे नियम रेंजवर पहिल्याच दिवशी सांगतात, घरीही तेच. नळीचं तोंड कधीही माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही. साईट जुळेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही. ठेवताना नळीतून भडक रंगाची दोरी आरपार काढायची, म्हणजे छर्रा आत नाही हे लांबूनही दिसतं. हवेचा सिलिंडर असलेली रायफल असेल तर त्यावरची उत्पादनाची तारीख बघा. स्पर्धेच्या नियमांत सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरलेलं आहे आणि त्यानंतर तो कितीही चकाकत असला तरी बदलायचा.

काळ्या दारूची ओढ ज्यांना आहे, त्यांच्यासाठी आता थोडं. आपल्यापैकी अनेकांची मुळं कोकणात आहेत आणि गावच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक असते. रत्नागिरी, सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी असे परवाने दिलेले आहेत. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की परत आणायची, हा शिरस्ता गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अडचण येते ती आजोबा गेल्यावर. मुंबईतली मुलं बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत विसरून जातात आणि बंदूक माजघरातच राहते. परवानाधारक गेला की ते शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाला परवाना हवा असेल तर त्यानंतर अर्ज करता येतो, त्यासाठी वय २१ पूर्ण हवं. आजोबा हयात असतानाच, त्यांचं वय ७० झालं असेल तर, हा विषय काढून वारसाचा अर्ज केलेला सगळ्यात चांगला. आणि आठवण म्हणून ती बंदूक बसच्या टपावर टाकून बोरिवलीला आणायची, हे कदापि करू नका. शेतीसंरक्षणाचा परवाना त्या शेतापुरता आणि त्यावर लिहिलेल्या हद्दीपुरता असतो.

भिंतीवर लावायची शोभेची जुनी बंदूक हाही असाच नाजूक मामला. कायदा कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून सूट देतो, पण ते शस्त्र दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशी अवस्था असेल तरच. ‘गंजलेली आहे, कुठे चालतेय’ हा आपला अंदाज पुरत नाही. पोलिसांकडून तसं लेखी घेऊन ठेवा.

जुन्या बंदुका डोळे भरून पाहायच्या असतील तर फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तोड्याची बंदूक, मग गारगोटीच्या ठिणगीची, मग केप लावायची, हा क्रम समजून घेतला की ठासणीच्या बंदुकीतला सगळा खेळ कळतो. आणि मोटारसायकलवाल्यांना तर वसई आहे. बोरिवलीहून घोडबंदरमार्गे खाडीचा पूल ओलांडला की पुढे वसई फाट्याला डावीकडे वळायचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने त्या किल्ल्याच्या बुरुजाखाली सुरुंग पेरून तट उडवले आणि पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. हातात बंदूक न घेता काळ्या दारूची ताकद समजून घ्यायची असेल, तर त्या तटाची रुंदी स्वतः पावलांनी मोजून पाहा. वाटेत घोडबंदरचा छोटा किल्लाही आहे.

तर आता गाडी. नवी गाडी घ्यावी की जुनी, असं विचाराल तर मी म्हणेन, हाताने काम करायची आवड असेल तरच जुनी. लोखंडी इंजिनाची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा-येझदी, १९८५ ते १९९६ दरम्यानची यामाहा आरएक्स १००, ही उपनगरातल्या शौकिनांची आवडती मंडळी. विकत घेताना इंजिनाच्या आवाजाला भुलू नका. आधी आरसी पुस्तक बघा, इंजिन आणि चेसीचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी त्याच्याशी ताडून बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी झालेली आहे का, कधीपर्यंत आहे, हे अंधेरीची ०२ असो, बोरिवलीची ४७ की पूर्व उपनगरांची ०३, त्या त्या आरटीओच्या नोंदीतून खात्री करूनच पैसे द्या. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे, मुदत दहा वर्षं, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही.

जुन्या बुलेटचे टॅपेट घरी सेट करता आले पाहिजेत असा माझा आग्रह आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर. उजवीकडचं टॅपेट कव्हर काढा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणा, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आता आतला पुशरॉड दोन बोटांत धरा. तो बोटांनी अलगद गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली मुळीच हलता कामा नये. वर-खाली हलला तर ढिला आहे आणि टकटक करेल. फिरतच नसेल तर आवळलेला आहे आणि व्हॉल्व्ह जळेल. पान्याने चेकनट सोडा, अगदी किंचित फिरवा, पुन्हा बोटांनी तपासा, चेकनट आवळताना माप सरकतं म्हणून आवळल्यावर आणखी एकदा तपासा. फिलर गेज इथे लागत नाही, बोटाची जाणीव लागते. पॉइंटच्या फटीला मात्र गेज हवं, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लग काढून त्याचा रंग बघण्याची सवय ठेवा. कॉफीचा रंग असेल तर सगळं ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय आणि पांढरट असेल तर कमी. हे पांढरेपण दुर्लक्षू नका, त्यात पिस्टन जातो.

किक मारण्यातही घाई नाही. आधी किक हळूहळू दाबत न्या. आत दाब जाणवला आणि अँपिअरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून किक थोडी पुढे सरकवा. दांडी सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण, सबंध पायाची किक. पायाच्या ताकदीपेक्षा पिस्टनची जागा महत्त्वाची. ती चुकली तर किक उलटी येते आणि घोटा दुखावतो.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरा, पण नमुन्याचा जुना भाग सोबत घेऊन जा. आणखी एक हल्लीची काळजी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा खेचतं, आणि जुन्या कार्बोरेटरमधल्या रबराच्या वस्तूंना ते मानवत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे फ्लोटच्या वाटीत काही उरत नाही. पावसाळ्यात तर हे हमखास करा.

उपनगरातून बाहेर पडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. घाटकोपर-मुलुंडवाल्यांना ठाण्यावरून नाशिक महामार्ग आणि कसारा घाट, किंवा कल्याण-मुरबाडवरून माळशेज. अंधेरी-बोरिवलीवाल्यांना पश्चिम द्रुतगती मार्गाने वसई, पालघर. पहाटे पाचला निघा. नऊच्या पुढे घोडबंदर रोडवर कंटेनरच्या रांगेत उभं राहणं म्हणजे दिवस गमावणं. सोसायटीत पाच वाजता बुलेट सुरू करू नका. फाटकाबाहेर ढकलत न्या, रस्त्यावर जाऊन किक मारा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेल्या गाडीला पोलीस दंड करतात तो योग्यच आहे, आजारी माणसांच्या खिडकीखालून आपण जात असतो. कसारा उतरताना ब्रेकवर टेकून राहू नका, खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्या. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक तापले की हातात नुसती लिव्हर उरते. परतताना ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला थांबणार असाल तर तिखट बेताने सांगा, पुढे हेल्मेट घालायचं आहे. हेल्मेट आयएसआय छापाचंच आणि मागे बसणाऱ्यालाही.

आणि रेंजवर गाडीने जायचं असेल तर? वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकी नाही, किनारी रस्त्यावर नाही, ईस्टर्न फ्रीवेवरही नाही. अंधेरीहून वरळीला माहीम-दादर-प्रभादेवी हाच मार्ग, घाटकोपरहून सायन-दादर. रायफलची पेटी कडक कवचाची घ्या, नळी आणि दस्ता वेगळा करून ठेवा, पेटी पाठीवर उभी लावू नका, मागच्या सीटवर आडवी पट्ट्याने बांधा. बिल आणि क्लबचं सभासदपत्र वरच्या खिशात. पिशवीतून नळीचं टोक बाहेर दिसत असेल तर नाक्यावरचा हवालदार थांबवणारच, आणि त्याने थांबवायलाच हवं. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट अशी की एक-सिलिंडर गाडी तासभर चालवली की हँडलच्या थरथरीने बोटं बधिर होतात. त्या बोटांना पिस्तुलाचा ५०० ग्रॅमचा ट्रिगरही कळत नाही. पोहोचल्यावर अर्धा तास काहीही करू नका. हात मोकळे सोडा, पाणी प्या, नेमबाजीचं जॅकेट चढवा, आधी होल्डिंग करा आणि मग पहिला छर्रा. महत्त्वाच्या स्पर्धेच्या दिवशी गाडी घरी ठेवून लोकलने जा.

स्पर्धांची उतरंडही माहीत असू द्या. राज्य पातळीवर कॅप्टन इझिकेल यांच्या नावाची स्पर्धा असते, त्यापुढे ग. वा. मावळंकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा, मग राष्ट्रीय. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर हेच १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय पातळीवर नाव झालं की परवाना आणि काडतुसांच्या बाबतीत सरकार खेळाडूंना खास सवलती देतं. ज्याला दारूच्या काडतुसाची बंदूक चालवायचीच आहे, त्याच्यासाठी हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. मुंबईत परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो आणि त्या अर्जावर क्लबातल्या नियमित सरावाची नोंद असेल तर तुमचं म्हणणं ठोस ठरतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, छऱ्याचा लॉट, गुण, शरीर कसं होतं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गाडीचं टॅपेट, तेल, प्लग, किलोमीटर.

जून ते सप्टेंबर रस्ते खड्ड्यांचे आणि पेव्हर ब्लॉक शेवाळलेले असतात, तेव्हा लांबच्या फेऱ्या कमी करून रेंज आणि होल्डिंग वाढवा. चेन आठवड्याला पुसून तेल द्या. दसऱ्याला गाडी आणि रायफल दोन्हींची पूजा करा. गाडीला घातलेला झेंडूचा हार मात्र हँडलवरच राहू द्या, पुढच्या चाकावर किंवा ब्रेकच्या केबलीवर लोंबत असेल तर निघण्यापूर्वी काढून टाका, आणि रायफलीला हळदकुंकू लावायचं ते दस्त्याच्या लाकडाला, नळीच्या तोंडाला नाही.